श्रावणात वाढलेली विक्री

ताई,

मला अरे-तुरे केलंत तरी चालेल, मी ३६ वर्षांचा आहे. दादरच्या केटरिंग कॉलेजात शिकलो, मोठ्या हॉटेलांत बारा वर्षं काढली आणि अडीच वर्षांपूर्वी कॉलेजातल्याच मित्राबरोबर माहीमला ४४ खुर्च्यांचं मालवणी हॉटेल काढलं. दोघंही शेफ. फर्म दोघांची, फूड लायसन्स, जीएसटी आणि बँकेतली सही माझी. बँकेचं कर्ज झालं नाही, तेव्हा मित्राच्या मेहुण्याने एक शेट आणले. त्यांनी १५ लाख चेकने दिले आणि २० लाख रोख, हातउसने म्हणून, एका चिठ्ठीवर माझी सही घेऊन.

समोर नवीन सीफूड हॉटेल आलंय. त्यांनी आमचा वस्ताद, म्हणजे आचारी, ८ हजार जास्त देऊन पळवला, ॲपवर आमच्यावर एक-एक स्टारचा पाऊस पाडला, महापालिकेत धुराड्याची तक्रार केली. मित्र मासेवाल्याकडून कमिशन घेतो असं कानावर येतं. स्टाफचे दोन गट पडलेत. परवा त्याने सगळ्या पोरांसमोर माझी सोलकढी मोरीत ओतली. गेल्या महिन्यात पगार १९ तारखेला झाले.

जूनपासून शेट दर आठवड्याला रोख पाठवतात. त्यांचा माणूस रात्री आमच्या कॉम्प्युटरवर तेवढी बिलं काढतो. पटकन होतं म्हणून सगळी सुरमई थाळीचीच, ५५० रुपयांची. कर शेट भरतात. महिनाअखेरीला त्यांच्या एका कंपनीचं ‘व्यवस्थापन सल्ला’ असं बिल येतं, ऑगस्टचं ११ लाखांचं होतं, ते मी चेकने भरतो. ऑगस्टची विक्री, कर सोडून, २३ लाख दिसते. खरी पानं, म्हणजे जेवणारी माणसं, दिवसाला ६०, माणशी ५५०. मित्र म्हणतो, सगळेच करतात. हिशेब शेटचेच सीए बघतात. यात काही अडचण आहे का? घरी अजून बोललेलो नाही.

ता. क. वस्ताद आमची तिखल्याची रेसिपी घेऊन गेला. मेन्यूतून तिखलं काढू का?

– एक शेफ, माहीम

•

तुझं मूळ पत्र चार पानांचं होतं. साडेतीन पानं समोरचा हॉटेलवाला, पळालेला वस्ताद आणि ओतलेली सोलकढी यांच्यावर. शेटवर नऊ ओळी, त्याही सगळ्यात शेवटी, आणि त्यातच जाता जाता विचारल्यासारखं ‘यात काही अडचण आहे का?’ वर छापताना मी साडेतीन पानांना कात्री लावली. त्या नऊ ओळी जवळपास जशाच्या तशा ठेवल्या आहेत. उत्तरही त्याच मापाने देणार आहे.

मी २६ वर्षं हॉटेलांच्या वह्या लिहिल्या. उडप्यांच्या, परमिट रूमच्या, एका इराण्याच्या तर तो बंद पडेपर्यंत. विक्री लपवणारे मालक किती पाहिले याची गणती नाही. दोन बिलबुकं, गल्ल्याखालचा बिस्किटाचा डबा, ‘कच्चं देऊ की पक्कं?’ हे सगळं माझ्या टेबलावरून गेलंय. पण न झालेली विक्री दाखवा आणि तिच्यावरचा कर मी हसत भरतो, असं म्हणणारा कोणी आला की मी पेन खाली ठेवायचे. अशा माणसाच्या लेखी तो कर म्हणजे भाडं. तुझं बिलबुक वापरण्याचं भाडं.

चल, ऑगस्टचा हिशेब मांडू. साठ पानं, माणशी ५५०, एकतीस दिवस: १० लाख २३ हजार. वहीत २३ लाख. म्हणजे १२ लाख ७७ हजारांचं जेवण कोणीतरी जेवून गेलं. ५५० ने भाग: २,३२२ माणसं. रोजची पंचाहत्तर, आणि सगळ्यांनी सुरमई थाळीच मागवली. एकालाही बांगडा नको, कोळंबी नको, पोराबरोबर आलेल्या एकाही आजीला वरणभात नको. तुकडा १०० ग्रॅमचा धरला तरी २३२ किलो सुरमई झाली. भाऊच्या धक्क्यावर ती कोणी उचलली? पावती कुठे आहे? तुझ्या साठ पानांना रोजचा एक १९ किलोचा सिलिंडर लागत असेल, तर या जादा मंडळींना महिन्याला आणखी ३९ लागले असते. ते कोणी आणून दिले? दोन हजारांवर माणसं जेवून उठली आणि तुझ्या मोरीवाल्याला एक ताटही जास्त घासावं लागलं नाही.

आणि महिना कुठला, तर श्रावणातला. अरे, गटारीला आपल्या लोकांनी पोटभर खाऊन घेतलं की पुढचे चार आठवडे मालवणी हॉटेलवाला माश्या मारत बसतो. जून-जुलैही तसेच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, बर्फातला माल नाहीतर बाहेरून आलेला, तोही महाग. त्याच तिमाहीत तुझी विक्री दुपटीवर जाते. हे पकडायला मोठा अधिकारी लागत नाही. सासूबाईंच्या घरी श्रावण पाळला जातो असा कोणीही कारकून पकडेल.

कागदाने काही कळत नाही असं वाटत असेल तर एक ऐकलेली नाही, पाहिलेली गोष्ट सांगते. स्टेशनजवळच्या एका परमिट रूमच्या वह्या मी लिहीत होते. मालक अर्धी विक्री दाबायचा. तुझ्या उलट प्रकार, पण पकडला जायचा रस्ता तोच. अधिकारी आले, मी लाल फडक्यात बांधलेल्या वह्या पुढे केल्या. त्यांनी गाठही सोडली नाही. म्हणाले, पाववाल्याची वही आहे का? बेकरीवाला रोज किती लाद्या टाकून गेला ते एका मळक्या डायरीत होतं, त्याची आणि मॅनेजरची सही. भुर्जी-पावाच्या प्लेटी किती, बिलात किती, अर्ध्या तासात सगळं बाहेर. खोटं बिल कोणीही करतो. पाववाल्याची, गॅसवाल्याची, बर्फवाल्याची वही सहसा कोणाला आठवत नाही. तुझ्याकडे तर आणखी सोपं आहे. त्या पंचाहत्तर बिलांना केओटी, म्हणजे भटारखान्यात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, नाही, आणि सगळी रात्री साडेअकरानंतर, भटारखान्यातला गॅस बंद झाल्यावरची. वेळ कॉम्प्युटरने स्वतःच छापून ठेवली आहे.

आता पैसा बाहेर कसा जातो ते बघ, तू सांगूनही तुझ्या ध्यानात आलेलं नाही. रोख १२ लाख ७७ हजार तुझ्या गल्ल्यात, गल्ल्यातून बँकेत, आणि ‘व्यवस्थापन सल्ला’ म्हणून ११ लाख चेकने शेटच्या कंपनीत. कसला सल्ला? सुरमई कशी तळायची याचा? पैसा आला कुठून असं आता कोणी विचारलं तर शेट तुझं बिल दाखवतील. उरले पावणेदोन लाख. ते तुझ्या भाड्याला, लाइट बिलाला लागले असणार. तोच तुझा पगार, आणि खरी मेख तिथेच आहे. साठ पानांत माहीमचं भाडं आणि स्टाफचा पगार भागत नाही हे तुला जूनमध्येच कळायला हवं होतं. शेटच्या पैशाने ते झाकलं. बाहेरच्यांची फसवणूक पुढची गोष्ट. अडीच वर्षं राबून उभं केलेलं हॉटेल चालतंय की बुडतंय, हे आज तुझं तुलाच सांगता येत नाही. जोरात चाललेल्या हॉटेलात पगार १९ तारखेला होत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात सांगते. सविस्तर वकील सांगेल. २० हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घ्यायला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. चिठ्ठीवर सही तुझी. उद्या भांडण झालं आणि ती रक्कम तू रोखीनेच परत करून टाकलीस, तर परतफेडीलाही तोच नियम आहे. रागाच्या भरात बॅग भरून नेऊ नकोस. फर्म १९३२ च्या भागीदारी कायद्याखालची. त्यात प्रत्येक भागीदार फर्मच्या देण्याला स्वतःच्या मालमत्तेसकट बांधलेला असतो. हॉटेल बुडालं तर टेबल-खुर्च्या जातील आणि सुटू, असं नाही. घरात तुझा जो वाटा आहे, तोही त्यात आला. आणि शेटचा पैसा कशातला आहे हे तुला माहीत नाही. तो नुसता कर चुकवलेला असेल तर एक गोष्ट. त्याच्यामागे फसवणूक, लाचखोरी, अमली पदार्थ असं काही निघालं, तर २००२ चा मनी लाँडरिंगचा कायदा लागतो. मग विचारणा ईडीकडून, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं सक्तमजुरीची, अमली पदार्थांच्या बाबतीत दहापर्यंत. ‘मला कल्पना नव्हती’ हे तू सांगशील. पण मला चार पानी पत्र लिहून विचारलंस, म्हणजे कल्पना होती.

भीती घालतेय असं वाटेल. थोडी घालतेच आहे.

करायचं काय, ते ऐक. क्रमात गडबड करू नकोस. आधी घरी सांग, आजच रात्री. घर दोघांच्या नावावर असेल तर बायकोला हे कळण्याचा हक्क आहे, आणि ज्या घरी असं लपवलेलं असतं तिथे माणूस शेटपेक्षा बायकोच्या भीतीने चुका करतो. मग वकील आणि सीए. शेटचे सीए नव्हेत, मेहुण्याच्या ओळखीतले तर मुळीच नव्हेत. भरलेली जीएसटीची विवरणं, प्राप्तिकर, ती चिठ्ठी, यांचं काय करायचं ते या दोघांनी एकत्र बसून ठरवायचं. कुठे आपणहून जायचं, काय कबूल करायचं, कोणत्या शब्दांत, हे मी सांगणार नाही. कोणा हॉटेलवाल्या मित्राने सांगितलं तर ऐकू नकोस.

वकिलाकडे जाण्याआधी एवढं कर: फर्मचे सगळे हिशेब बघण्याचा आणि त्यांच्या प्रती घेण्याचा भागीदाराला कायद्याने हक्क आहे, तो वापर. बिलांची यादी, केओटी, मासेवाल्याच्या पावत्या, गॅसच्या पावत्या, हजेरीपट, बँकेचा उतारा, त्या सल्ल्याची बिलं. सगळ्याच्या प्रती घरी ने. काहीही खोडू नकोस, फाडू नकोस, मागच्या तारखेने नवं काही तयार करू नकोस. चूक निस्तरता येते. ती पुसायला गेलास तर दुसरा गुन्हा होतो. कॉम्प्युटरचा पासवर्ड मात्र बदल. शेटच्या माणसाला सांग, नवीन सीए म्हणतात, त्यांनी बघितल्याशिवाय बिल काढायचं नाही. हे खरंही असेल आणि पुढच्याला अपमान वाटायचं कारणही नाही. शेटशी एकट्याने, रात्री, बंद हॉटेलात बोलणी करू नकोस. धमकी आली तर तारीख-वेळेसकट लिहून ठेव आणि वकिलाबरोबर पोलिसांत लेखी दे. ओळखीतल्या दुसऱ्या ‘भाऊ’कडे मध्यस्थीला जाशील तर एकाच्या जागी दोन शेट होतील.

फर्ममधून बाहेर पडायचं ठरलं, तर नुसतं मित्राला ‘मी निघालो’ म्हणून भागत नाही. नोंदलेल्या फर्मची माहिती रजिस्ट्रारकडे द्यावी लागते, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. ती निघेपर्यंत बाहेरच्या जगासाठी तू भागीदारच. शिवाय फूड लायसन्स, जीएसटी नोंदणी आणि बँकेतली सही ही तिन्ही वेगवेगळी सोडवावी लागतील. मी एक गृहस्थ पाहिलेत, फर्म सोडून चार वर्षं झाली तरी लायसन्सवर नाव त्यांचंच. नोटीस आली तेव्हा ते कुडाळला भाचीच्या लग्नात अक्षता टाकत होते.

‘बँकेने नाही म्हटलं, मग काय करणार’ असंही तू लिहिलं होतंस. ते मी छापलं नाही, पण वाचून मला गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवल्या. गिरणी कामगारांना दोन वेळचं रांधून घालणाऱ्या बायका. कामगाराचा पगार झाला की पैसे येणार, तोवर किराणा उधार, सावकाराचं व्याज डोक्यावर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत पोचवलं. अंगठा उठवणाऱ्या बायका राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात गेल्या. तू केटरिंग कॉलेज शिकलेला, बारा वर्षांच्या नोकरीचे दाखले हातात. एका बँकेने नाही म्हटल्यावर दुसरीत गेला होतास का? मुद्रा योजनेत पहिल्यांदा घेणाऱ्याला तारणाशिवाय १० लाखांपर्यंत मिळू शकतात. तेवढ्यात ४४ खुर्च्या होत नाहीत, कबूल. पण वीस खुर्च्यांची खानावळ होते. वीस खुर्च्या भरलेल्या आणि पगार सात तारखेला झालेले, हे मला जास्त शोभिवंत वाटतं. माझी आवड झाली ती, सोडून दे.

मित्राबद्दल. दोन गोष्टी तू एकाच पातेल्यात टाकल्या आहेस, त्या वेगळ्या कर. मासेवाल्याचं कमिशन ही भटारखान्यातली जुनी खोड आहे, जगभर आहे. फ्रेंच स्वयंपाकाचा गुरू मानला जाणारा एस्कॉफिए. त्याला आणि मॅनेजर सीझर रिट्झला १८९८ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातून काढलं ते अशाच भानगडीत. पुरवठादारांकडून कमिशन घेतल्याचं एस्कॉफिएने पुढे लेखी कबूलही केलं. त्याच वर्षी पॅरिसला रिट्झ हॉटेल सुरू झालं आणि दोघांची नावं पुन्हा गाजली ती आजतागायत. सांगायचा मुद्दा, कमिशनवर तोडगा निघतो. धक्क्यावर आठवड्यातून दोनदा तू स्वतः जा, वजन समोर करून घे, भाव लिहून ठेव, मासेवाल्याचे पैसे बँकेतून दे. महिन्याभरात कमिशन आपोआप आटेल आणि कोणाला चोर म्हणावं लागणार नाही. सोलकढीचं तर तुम्हीच बघा. पोरांसमोर ओतायला नको होती, एवढं नक्की. आणि ती फुटलेली होती का, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

शेटचा मामला मात्र मित्राला एकदा सरळ विचार. हॉटेलात नको, मेहुण्याच्या घरी नको. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बस, चहा घे आणि विचार, ‘तुला यात किती मिळतं?’ मला दोन उत्तरं शक्य वाटतात. एक, त्यालाही काही मिळत नाही, तो मेहुण्याच्या उपकाराखाली दबलाय आणि तुझ्याइतकाच घाबरलाय. दबलेला माणूस सोलकढी ओततो, कारण शेटवर ओरडायची सोय नसते. तसं असेल तर वकिलाकडे दोघं मिळून जा. दुसरं उत्तर, त्याला मिळतं. कदाचित दुसऱ्या शाखेचं स्वप्नही दाखवलंय, जिच्यात तू नाहीस. मग चहाचे पैसे दे, घरी ये, आणि पुढचं बोलणं लेखी. तो काहीही म्हणाला तरी वकिलाची वेळ आधीच घेतलेली असू दे. त्याच्या उत्तराची वाट बघत थांबू नकोस.

समोरच्यावर मी जास्त जागा घालवणार नाही. वस्ताद पळवला म्हणतोस. पळवलेल्या वस्तादाला कोणी पोत्यात घालून नेलं नाही. तुझ्याकडे पगार १९ तारखेला, त्याच्याकडे ८ हजार जास्त आणि बहुधा उचलही चुकती केली असेल. गावी घर बांधायला काढलेला माणूस आणखी काय करणार? उरलेल्या पोरांचा पगार येत्या महिन्यात वेळेवर कर, भले तुझं स्वतःचं घरखर्चाचं पाकीट उशिरा ने. गट मोडायला तेवढं पुरेल. एक-एक स्टारचं म्हणशील तर खऱ्या तक्रारीला दोन ओळींत उत्तर दे, खोट्याची ॲपकडे नोंद कर आणि रात्री दोन वाजता ते वाचणं सोड.

धुराड्याची तक्रार मात्र मनावर घे. शत्रूने केली म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. तेलाची पुटं चढलेलं धुराडं आणि खाली तळणाची कढई हे काय असतं ते तुला मी सांगायला नको. २०१७ च्या डिसेंबरात लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात एका रात्रीत १४ जण गेले, तेव्हा रेस्टॉरंटचे मालक आणि मॅनेजर अटकेत गेले. तुझ्या दारावरच्या लायसन्सवर तुझं नाव आहे. या आठवड्यात माणूस बोलाव, धुराडं आतून घासून घे, अग्निशामक नळकांड्यांची तारीख बघ, महापालिकेच्या पत्राला फोटोंसकट लेखी उत्तर दे. समोरच्याने तुझ्यावर एवढे एकच उपकार केलेत, ते घे.

हे सगळं झाल्यावर कदाचित कळेल की साठ पानांवर हॉटेल चालत नाही आणि बंद करावं लागेल. तशी तयारी ठेव. या मुंबईत हॉटेलं बंद पडतात आणि माणसं पुन्हा उभी राहतात. माझ्या इराण्याच्या मुलाने पुढे बेकरी काढली, अजून चालते. शेटच्या वहीत नाव अडकलेल्या माणसाला मात्र पुन्हा गाळा भाड्याने द्यायला कोणी पटकन तयार होत नाही.

ता. क. चं उत्तर. बांगड्याचं तिखलं कोकणात घरोघरी होतं, ती तुझी रेसिपी कधी नव्हतीच आणि वस्तादाचीही नाही. मेन्यूवर राहू दे. तिरफळांच्या काळ्या बिया काढ, सालं नुसती ठेचून घाल आणि तीही शेवटी शेवटी. हॉटेलांत घाईघाईने बियांसकट टाकतात आणि मग कडवट लागतं. समोरही तसंच करत असतील.

काही काढायचंच असेल, तर सुरमई थाळी काढ.